फक्कीचा चौकोन

रविवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. मैदानावर एकशे बारा शंकू उभे होते आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या बुडाभोवती फक्कीचा चौकोन आखून झाला होता.

आखणारे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे होते. तंत्रनिकेतनातली पदविका घेऊन ते बेअरिंगच्या कारखान्यात चिकटले आणि मुख्य गुणवत्ता निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. तिथे त्यांचे नाव मायक्रोमीटर पडले होते. मोटार क्लबात सगळे त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठ वळली की मायक्रोमीटरच म्हणत. दोन्ही त्यांना ठाऊक होते आणि मनातून दुसरेच जास्त आवडे.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी त्यांनी एक छोटी, दोन दरवाजांची, लाल गाडी घेतली. ती शर्यतीची नव्हती, पण शर्यतीला लाजणारीही नव्हती. गाडी दारात आली तेव्हा त्यांची बायको पायरीवर उभी राहून म्हणाली, "दोन दरवाजे, चार चाकं आणि मागे बसायला जागा नाही. म्हणजे माझी सोय आधीच लावलीत म्हणायची." त्या गाडीत ती खरोखरच कधी बसली नाही. पुढच्या दोन जागा मात्र बापलेकीने वाटून घेतल्या.

लेक लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत पर्यवेक्षक होती. आठवडाभर उभ्या खाणीत दोरखंड आणि ब्रेक तपासायची, आणि महिन्यातून एका रविवारी या डांबरी मैदानावर आडवी धावायची. बंद पडलेल्या गोदामांमागचे हे मैदान क्लबाने भाड्याने घेतले होते. ऑटोक्रॉसचा खेळ साधा आहे. शंकू मांडून वळणावळणांची वाट आखायची आणि तीवरून एका वेळी एकच गाडी सोडायची. शर्यत असते ती घड्याळाशी. शंकू पडला किंवा आपल्या चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला, तर दोन सेकंद दंड. शंकू उभा राहिला आणि त्याच्या बुडाचा कुठलाही भाग फक्कीच्या रेषेला टेकलेला असला, तर दंड नाही. शंका आली, तर तिचा फायदा चालकाला. सकाळच्या गटाने गाड्या चालवल्या की दुपारी त्याच लोकांनी वळणावळणावर मार्शल म्हणून उभे राहायचे, पडलेले शंकू उचलायचे आणि दंड लागला तर लाल झेंडा दाखवायचा.

हे नियम कागदावर उतरवून देणारे निरीक्षकच होते. "निकाल लागल्यावर अर्ध्या तासात हरकत आली नाही, तर तो अंतिम समजावा" हे कलमही त्यांचेच. सभेत कुणीतरी कुरकुरले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "मापाला जशी मर्यादा लागते तशी भांडणालाही लागते."

त्या रविवारी हंगामाची शेवटची स्पर्धा होती आणि तिच्यावर एक गोष्ट ठरायची होती. मोठ्या रेसट्रॅकवर, जिथे खऱ्या शर्यती होतात, तिथे क्लबाला वर्षातून एकच जागा मिळे: दोन दिवस, एक प्रशिक्षक आणि शेवटी वेळ नोंदवून घेणारी चाचणी. ती जागा हंगामाच्या विजेत्याला. गेली दोन वर्षे लेक दुसरी आली होती. यंदा ती आणि क्लबातला दंतवैद्य गुणांत बरोबरीला होते. आजच्या चार फेऱ्यांत ज्याची एक फेरी सर्वांत जलद, त्याची जागा.

"यंदा नाही जमलं तर?" आदल्या संध्याकाळी टायरची हवा मोजताना निरीक्षकांनी विचारले होते.

"तर सोडते," लेक म्हणाली. "तिसऱ्यांदा दुसरी यायला मी काय लिफ्ट आहे, मधल्याच मजल्यावर अडकायला?"

ती हसली, पण हवेचा काटा पाहताना ओठ दातांखाली धरलेला होता.

तिला गाडी निरीक्षकांनीच शिकवली होती. वळणाच्या पोटातल्या शंकूला जितके जवळ जाल तितकी वाट आखूड, हा पहिला धडा. यासाठी त्यांची एक खास पद्धत होती. ज्या वळणावर ते उभे असत, तिथल्या शंकूपासून वाटेच्या बाजूला ते फक्कीचा एक पातळ पट्टा ओढत आणि लेकीच्या फेरीआधी तो नव्याने भुरभुरत. गाडी गेली की आतल्या चाकाची कड त्यात स्वच्छ उमटे. मग खिशातली टेप काढून ते चौकोनापासून त्या कडेपर्यंतचे अंतर मोजत आणि घरी जाताना तिला सांगत. पहिल्या वर्षी अर्धा मीटर असे. आताशा सात-आठ सेंटीमीटर. "शंकूला घाम फुटला पाहिजे," असे ते म्हणत आणि ती म्हणे, "शंकूला नाही बाबा, तुम्हाला फुटतो."

दुपारच्या गटाला सुरुवात होण्याआधी दंतवैद्य आपल्या पिवळ्या गाडीला टेकून केळे खात उभा होता. सकाळच्या गटात गाडी चालवून आता मार्शल म्हणून पाचव्या वळणाकडे निघालेल्या निरीक्षकांना त्याने हाक मारली.

"काका, पाचव्या वळणावर तुम्ही, आणि गाडी चालवणार तुमची लेक. शंकू डिंकाने चिकटवून ठेवलेत ना?"

भोवतालची चार माणसे हसली. दंतवैद्याच्या बोलण्यात विष नव्हते. तो सगळ्यांच्याच खोड्या काढी. पण निरीक्षक थांबले.

"मी मेहुण्याचा माल परत पाठवलेला माणूस आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे काका. दर फेरीला ऐकतो."

पुन्हा हसू. ती गोष्ट खरी होती. कारखान्यात असताना मेहुण्याच्या छोट्या वर्कशॉपमधून आलेला सबंध माल मापात न बसल्यामुळे त्यांनी परत पाठवला होता. माल खराबच होता, त्यात वाद नव्हता. मेहुणा त्यानंतर त्यांच्या घराची पायरी चढला नाही; बायको वर्षभर जेवढ्यास तेवढे बोलली. पण कारखान्यात, कॅंटीनमध्ये, निरोपाच्या भाषणात तो किस्सा लोकांनी इतक्या वेळा सांगितला, की निरीक्षकांना त्याची चव लागली. माणूस गोडाला सोकावतो तसे ते आपल्या निःस्पृहपणाला सोकावले होते.

पाचव्या वळणावर त्यांचा जोडीदार मार्शल एक बेकरीवाला होता. जाड, हसरा, आणि पहाटे तीनला उठत असल्यामुळे दुपारी पेंगणारा. दंतवैद्याची तिसरी फेरी ५१.८६ सेकंदांत, एकही शंकू न हलवता झाली. लेकीच्या तीन फेऱ्यांतली उत्तम वेळ ५२.४७. तिची चौथी, शेवटची फेरी उरली होती. निरीक्षकांनी पट्ट्यावर फक्की भुरभुरली, हात झटकले आणि चार पावले मागे सरून उभे राहिले.

गाडी चौथ्या वळणातून बाहेर पडली तेव्हाच त्यांना कळले, की ही फेरी वेगळी आहे. इंजिनचा आवाज एका सुरात होता. ब्रेक एकदाच लागला आणि वेळेवर सुटला. पुढचे चाक शंकूच्या इतक्या जवळून गेले, की मधली फट त्यांना दिसलीच नाही. आणि मग गाडीची मागची बाजू किंचित बाहेर झेपावून परत आत आली तेव्हा बंपरचा कोपरा शंकूला पुसून गेला. शंकू डुलला, वाटेपासून लांबच्या बाजूला सरकला, गोल हलला आणि उभा राहिला.

बेकरीवाला त्या क्षणी मागच्या वळणावरून वाऱ्याने उडून आलेली कुणाची तरी टोपी धरायला वाकला होता.

निरीक्षक धावले. त्यांनी गुडघ्यावर बसून पाहिले. बुडाचे तीन कोपरे चौकोनाबाहेर होते. चौथा कोपरा पलीकडच्या रेषेवर टेकला होता. नखाएवढा, पण टेकला होता. पांढऱ्या फक्कीवर नारिंगी प्लास्टिक. याहून स्पष्ट माप त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नसेल.

कारखान्यात त्यांचा दंडक होता: संशयित नग दोनदा मोजल्याशिवाय जागेवरून हलवायचा नाही, आणि दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय नाकारायचा नाही. इथे त्यांनी शंकू लगेच उचलला. उचलताना त्यांच्या कानात घड्याळ नव्हते, लेक नव्हती, तर डिंकाचा विनोद होता आणि त्यावर हसलेली चार माणसे होती. 'नखाएवढ्यासाठी सोडले, तर म्हणतील बापाने सोडले.' शंकू चौकोनात नीट बसवून ते उभे राहिले आणि त्यांनी लाल झेंडा वर केला.

"गेला काय?" बेकरीवाला टोपी हातात घेऊन येत म्हणाला. "पक्कं?"

"पक्कं."

"अरेरे. पोरीची वेळ काय होती बघा ना."

वॉकीटॉकीवर वेळ आली: ५१.४८. तीत दोन मिळवा.

चार वाजून दहा मिनिटांनी क्लबाच्या सचिवबाईंनी निकालाचा कागद टेबलावर चिकटवला. पहिला दंतवैद्य, दुसरी लेक. लेकीने तो पाहिला, एकदा मान हलवली आणि गाडीपाशी येऊन शर्यतीचे टायर काढायला बसली. निरीक्षक तिच्या शेजारी नट जमा करत बसले. दंतवैद्य हेल्मेट काखेत मारून आला.

"हे बघ," तो लेकीला म्हणाला, "हरकत घ्यायची असेल तर आत्ता घे. अजून वीस मिनिटं आहेत. मला नंतर कुरबुर नको. पाचव्या वळणाचं कुणी चित्रण केलं असेल तर शोधू या."

"हरकत कुणाविरुद्ध?" लेक पान्यावर जोर देत म्हणाली. "बंपर लागला ते मला कळलं होतं. सरकला किती तेवढं कळलं नाही, ते बाबांनी बघितलं. बाबा बाहेर म्हणाले म्हणजे बाहेर. आमच्या घरी भिंतीवरचं चित्रसुद्धा स्पिरिट लेव्हल लावून टांगतात."

"नशीबवान आहात काका," दंतवैद्य म्हणाला. "माझी मुलं मी दुखणार नाही म्हटलं की पळून जातात."

हीच बोलण्याची वेळ होती. निरीक्षकांच्या मुठीत चार नट होते. 'कोपरा रेषेवर होता' हे तीन शब्द, त्यांचा उच्चार अवघड नाही. त्यांनी नट एका डब्यात टाकले, डब्याचे झाकण लावले, ते नीट बसले आहे का हे पुन्हा पाहिले. दंतवैद्य निघून गेला. लेक म्हणाली, "बाबा, जॅक जरा उतरवा," आणि त्यांनी जॅक उतरवला.

झेंडा दाखवला ते एका क्षणात झाले होते. त्याला घाई, गोंधळ, वय असे काहीही नाव देता आले असते. पण जॅक उतरवताना त्यांच्यापाशी भरपूर वेळ होता. मनगटावर घड्याळ होते. त्यांनी ते दोनदा पाहिले.

चार चाळीसला सचिवबाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केले. निकाल अंतिम झाल्याचे सांगितले, दंतवैद्याच्या हाती रेसट्रॅकच्या प्रवेशाचे पाकीट दिले, आणि मग त्या थांबल्या.

"आणखी एक. आज पाचव्या वळणावर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. स्वतःची मुलगी, हंगामाची शेवटची फेरी, आणि तरीही झेंडा वर. आपल्याला नियम लिहून देणारे खूप भेटतात. पाळणारा हा एकच. काकांसाठी टाळ्या."

टाळ्या झाल्या. पन्नासेक माणसे, मोकळे मैदान. आवाज गोदामांच्या भिंतींवर आपटून परत आला. बेकरीवाल्याने शिट्टी मारली. निरीक्षकांनी मान किंचित लववली. इतक्या वर्षांच्या सवयीने मान आपणहून लवली. आणि लवलेली मान वर करताना त्यांना लेक दिसली. ती टायरच्या काजळीने काळे झालेले हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती. सगळ्यांचे हात थांबले तरी तिचे वाजतच होते. डोळे भरलेले होते, आणि ते हरल्यामुळे नव्हते.

निरीक्षकांचे कान तापले.

"थांबा," ते म्हणाले. "शंकू आत होता."

कुणाला काही कळले नाही. सचिवबाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "कुठला शंकू?"

"पाचव्या वळणाचा. बुडाचा कोपरा रेषेवर टेकलेला होता. मी पाहिला. पाहून उचलला आणि झेंडा दाखवला."

"म्हणजे नजरचूक झाली," बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. "उन्हात होतं असं. मी स्वतः..."

"नजरचूक नाही. नजर ठीक होती."

सचिवबाईंनी मनगट वळवून घड्याळ पाहिले. चार सत्तेचाळीस. त्यांनी नियमांचा कागद काढला नाही. सगळ्यांनाच तो पाठ होता.

"वरातीमागून घोडं, काका," दंतवैद्य हळू म्हणाला. त्याच्या हातातले पाकीट त्याने एकदा पुढे केले, मग लेकीकडे पाहिले आणि परत घेतले. "मी दिलं असतं. पण नियम तुमचाच आहे. आणि मलाही जायचं आहे हो."

"तुम्ही जा," लेक म्हणाली. "तुमची फेरी चोख होती."

ती वडिलांकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

घरी जाताना गाडी तीच चालवत होती. प्रत्येक सिग्नलला ती नेमकी रेषेच्या मागे थांबत होती. पुलाखालचा मोठा चौक ओलांडला.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारले.

"उचलण्याआधीच."

"आणि दंतवैद्य माझ्याशी बोलत होता तेव्हा?"

"तेव्हाही ठाऊक होतं."

"मी स्पिरिट लेव्हलचं बोलले तेव्हा तुम्ही डबा बंद करत होतात. मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय, म्हणून गप्प आहात." तिने गिअर बदलला. "असं का केलंत बाबा?"

"लोक काय म्हणतील असं वाटलं."

"मग काय म्हणाले लोक?"

निरीक्षकांनी खिशातल्या टेपवर हात ठेवला.

"टाळ्या वाजवल्या त्यांनी," लेक म्हणाली. "मीसुद्धा." ती हसली. ते हसू ऐकून निरीक्षकांना वाटले, त्यापेक्षा ओरडली असती तर बरे. "बाहेरचा शंकू तुम्ही आत म्हटला असतात ना, तर मी चिडले असते, दंड मागून घेतला असता. पण तो बापाचा लोभ म्हणून मला कळला असता तरी. हे कुणासाठी होतं?"

घरी बायकोने दार उघडले. दोघांचे चेहरे पाहून ती कुणाचीही बाजू न घेता बाजूला झाली. रात्री जेवणानंतर सगळी हकिगत ऐकून ती एवढेच म्हणाली, "माझ्या भावाचा माल निदान खराब तरी होता."

त्या वाक्याने निरीक्षकांना झोप लागली नाही. त्यांना जे नीट दिसत होते ते दुरुस्त करता येण्यासारखे नव्हते, एवढेच त्यांना कळत होते; आणि दुरुस्त करता येत नाही अशा गोष्टीसाठी त्यांच्या पदविकेत एकच शब्द होता, 'भंगार', आणि तो नगाला लावतात.

लेकीने गाडी सोडली नाही. सोडेल असे त्यांना वाटले होते, आणि तेच आपल्याला योग्य शासन आहे असेही वाटले होते. महिन्याने, रविवार दिनांक १५ डिसेंबरला, नव्या हंगामाची पहिली स्पर्धा होती. सचिवबाईंनी निरीक्षकांना टायरची हवा तपासण्याचे काम देऊ केले. त्यांनी मान खाली घालून होकारही दिला. पण लेक पुढे झाली.

"त्यांना पाचव्याच वळणावर ठेवा," ती म्हणाली. "मला चालेल."

"अगं, पण..."

"मला चालेल म्हटलं ना."

निरीक्षक पाचव्या वळणावर गेले. या वेळी जोडीला एक गणिताचे मास्तर होते, आणि प्रत्येक हललेला शंकू निरीक्षक त्यांना आधी दाखवत, मग स्वतः पाहत. बेकरीवाला सातव्या वळणावर होता. लेकीच्या फेरीआधी निरीक्षकांनी सवयीने पट्ट्यावर फक्की भुरभुरली. पट्टा वाकडा आला, तो त्यांनी पुसून पुन्हा ओढला.

लाल गाडी आली आणि गेली. शंकू हललाही नाही. थोड्याच वेळात वॉकीटॉकीवर बेकरीवाल्याचा आवाज आला, "काका, काय चालवते हो पोरगी! इथं तर शंकूच्या अंगाला चाटून गेली. बोट घालायला जागा नव्हती!"

मास्तर कौतुकाने म्हणाले, "मुलीला भीती म्हणून नाही."

निरीक्षकांनी खिशातली टेप काढली. ते गुडघ्यावर बसले, टेपचे एक टोक चौकोनाच्या रेषेला लावले आणि दुसरे ओढत पट्ट्यात उमटलेल्या चाकाच्या कडेपर्यंत नेले. जिथे ती दरवेळी असे, तिथे फक्की कोरी होती. ते टेप आणखी ओढत गेले. कड सापडल्यावर त्यांनी वाचले, टेप सोडली, पुन्हा लावली आणि दुसऱ्यांदा वाचले. मग मास्तरांना बोलावून त्यांच्याकडूनही वाचून घेतले.

बेचाळीस सेंटीमीटर.